दादांची बारीक रेघ

वडिलांच्या अक्षरावर वडिलांचंच अक्षर चिकटवून ठेवलेलं होतं, आणि मागच्या उन्हाळ्यात ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

छावणीच्या बाजारात एका साड्यांच्या दुकानाचा फ्लेक्स उतरवत होते. शहराचं नाव बदलल्यापासून पत्ते बदलायचं काम अजून चालूच आहे. कुणाचा शिक्का राहिलाय, कुणाची पावतीपुस्तकं, या दुकानाचा बोर्ड राहिला होता. दोन माणसं शिडीवर चढून खिळे उपसत होती. फ्लेक्स सुटून खाली आला आणि त्याच्यामागे पत्रा दिसला. मोरपंखी रंगाचा, कडेनं गंजलेला, आणि त्यावर दादांच्या हातची पाच अक्षरं. खाली रस्त्यावर लोळणाऱ्या फ्लेक्सवरही तीच पाच अक्षरं होती. तीच जाडी, तेच वळण, टोकाला तोच थेंब. फरक एवढाच, की पत्र्यावरची माझ्या वडिलांनी काढली होती आणि फ्लेक्सवरची पत्रिकावाल्या सुधाकरकाकांनी उचलली होती.

"मावशी, सरका जरा, पत्रा बी काढायलोय," वरचा माणूस म्हणाला.

"त्याचं काय करणार?"

"भंगारात. दुसरं काय."

मी सरकले. भाजीची पिशवी हातात धरून बराच वेळ पलीकडच्या फुटपाथवर उभी राहिले. पत्रा काही मी मागून घेतला नाही. मला पत्रे नको होते. सुधाकरकाकांचं नाक खाली झालेलं मला बघायचं होतं, आणि ते अजून झालं नव्हतं.

दादांना छावणीत वामन पेंटर म्हणत. बाजारामागच्या बोळात आमचं घर आणि दुकान एकच होतं. पुढच्या खोलीत पत्रे, मागच्या खोलीत आम्ही तिघं. सगळ्या घराला जवसाच्या तेलाचा वास. टर्पेंटाइनचाही असायचा, पण तो शाळेत पोचेपर्यंत उडून जायचा. जवस मात्र वेणीत राहायचा. वर्गातल्या मुली माझ्याजवळ बसताना नाक दाबत, त्यातल्या दोघींची नावं मला आडनावासकट अजून पाठ आहेत. मी डूख धरणारी बाई आहे, हे आधीच सांगितलेलं बरं.

साधं अक्षर दादा सगळ्यांसाठी काढत. पिठाची गिरणी, सायकलचं दुकान, 'येथे पंक्चर काढून मिळेल'. पण त्यांचं स्वतःचं असं एक अक्षर होतं. बाजारात त्याला 'जाड-बारीक' म्हणत. उभ्या रेघा दोन-दोन बोटं जाड आणि आडव्या रेघा केसाएवढ्या. शिरोरेघ तर इतकी बारीक, की दुपारच्या उन्हात ती आहे की नाही असा प्रश्न पडावा. जाडातून बारकात जाताना मध्ये उतार नसायचा. जाड संपलं की तिथूनच बारीक सुरू. आणि वळण जिथं मिटे तिथं चिंचोक्याएवढा एक काळा थेंब.

जुन्या वळणाच्या लोकांना ते पटत नसे. शाळेतले एक गुरुजी बोर्ड बघून दादांना म्हणाले होते, "वामनराव, शिरोरेघ म्हणजे घराचं आढं. एवढं हलकं केलं तर घर पडायचं."

"आढं हलकं दिसलं की खांब मोठे दिसत्यात, गुरुजी," दादा म्हणाले होते.

हे जाड-बारीक त्यांनी शहागंजमधल्या एका म्हाताऱ्या कातिबाजवळ बसून उचललं होतं. ते उर्दू लग्नपत्रिका लिहायचे. दादांना उर्दूचं अलिफही येत नव्हतं. ते फक्त बोरू कुठं वळतो आणि रेघ कुठं रोडावते, तेवढं बघत बसायचे. "मोटे से पतला निकलना, मियाँ, बीच में दम नक्को टूटना," असं ते चाचा सांगायचे, आणि दादा ते जेवताना आम्हाला करून दाखवायचे, वरणात बुडवलेल्या बोटानं, ताटाच्या कडेवर. कुणी जाड-बारीकची वाखाणणी केली की दादा लगेच म्हणत, "शहागंजच्या चाचांची देणगी हाय." ज्याच्याकडून घेतलं त्याचं नाव घ्यायचं, एवढीच गोष्ट. याला काही शिक्षण लागत नाही.

त्यांची काम करायची एक रीत होती. पत्र्यावर खडूच्या दोरीनं रेघा पाडायच्या, अक्षरं हलकी आखून घ्यायची, आणि मग सगळ्या बोर्डावरच्या उभ्या रेघा आधी भरायच्या. चपटा ब्रश वर टेकवायचा आणि एका दमात खाली आणायचा. खांब आधी, दोऱ्या मागून, असं ते म्हणत. ओले खांब वाळेपर्यंत बारीक रेघेला हात लावायचा नाही. त्यामुळे दिवसभर, हिवाळ्यात तर दोन-दोन दिवस, दुकानाच्या दारात नुसते खांब असलेला पत्रा उभा असायचा. बाजारातली माणसं थांबत आणि खांब बघून नाव ओळखायची पैज लावत. चहाची पैज. लाकडाच्या वखारीवाले नेहमी हरायचे. मी आठ-नऊ वर्षांची असेन, तेव्हापासून नुसत्या खांबांवरून वाचायला शिकले. आईही शिकली. तिची शाळा चौथीत सुटली होती, पण खांब वाचण्यात ती मला मागे टाकायची.

बारीक रेघ काढायच्या वेळी मात्र घरात बोलायचं नाही. भांडं आपटायचं नाही. दादा खारीच्या केसांचा लांब ब्रश काढत, हाताखाली वेताची काठी धरत, श्वास आत घेत आणि रेघ ओढत. रेघ संपल्यावर श्वास सोडल्याचा आवाज मागच्या खोलीत ऐकू यायचा. तो ऐकून आई कुकर लावायची.

बोर्ड पुरा झाला की आईची परीक्षा. दादा पत्रा दारात टेकवायचे आणि आई पदर डोक्यावर घेऊन रस्त्यापलीकडे जाऊन उभी राहायची. मधून टांगे जात, गुरुवारी बाजाराची गुरं जात, आणि आई तिकडून मोठ्यानं वाचायची. ती अडखळली तर त्या जागी खोट आहे असं दादा समजत.

"र आन् व चिकटल्यावानी दिसायले," ती ओरडून सांगायची.

मग दादा तेवढं खरवडून पुन्हा काढायचे. आई ही त्यांची फूटपट्टी होती, आणि तिला त्याचा अभिमान होता. उन्हानं तिचा चेहरा काळवंडला होता, बायका बोलायच्या, पण ती म्हणायची, "माझ्या वाचल्याबिगर बोर्ड जात नाय."

जाड-बारीक कुठं वापरायचं याचे दादांचे कायदे होते. साड्या, सोनं, लग्न, सिनेमा, पैठण गेटच्या हिमरू शाली. जिथं माणूस सवडीनं, नटून, चार जणांना घेऊन येतो तिथं हे अक्षर. औषधाच्या दुकानाला ते देत नसत. एका डॉक्टरांनी हट्ट धरला होता. दादा त्यांना म्हणाले, "साहेब, तुमच्याकडं येणारा मानूस घाबरलेला असतो. त्याला रेघा शोधायला लावू नका." आणि हे अक्षर बारकं कधी काढायचं नाही. ते लांबून बघायचं अक्षर आहे. लहान केलं की रेघा मरतात आणि खांब एकमेकांच्या अंगावर येतात. बोर्डाच्या कोपऱ्यात दादा स्वतःची सही करत, 'वामन पेंटर, छावणी', ती साध्या एकसारख्या रेघेची असायची. आपल्या नावाला त्यांनी जाड-बारीक फक्त एकदाच दिलं. आईच्या लग्नातल्या ट्रंकेवर, झाकणभर, मोठ्या अक्षरात, नुसतं 'वामन'. तेही आईनं रुसून करून घेतलं म्हणून.

नवरात्राच्या आधीचे दिवस आमच्याकडे सगळ्यात मोठे. कर्णपुऱ्याच्या जत्रेसाठी पाळणेवाले, रेवडीवाले, फोटो काढणारे सगळे बोर्ड मागायचे. अंगणात पत्रे, भिंतीला पत्रे, माझ्या अभ्यासाच्या पेटीवर पत्रे. गुलाबी, पोपटी, पिवळा जर्द. आम्ही झोपायचो त्या गाद्यांवर रंगाचे ठिपके होते. घटस्थापनेला दादा ब्रश धुऊन देवापुढे ठेवत आणि आई त्यांना हळद-कुंकू वाहायची. खारीच्या केसांच्या ब्रशला ती थोडं जास्त वाहायची, असं मला वाटे. मग आम्ही जत्रेत जायचो आणि दादा पाळण्यात बसायचे नाहीत, बोर्डच बघत फिरायचे. मला तेव्हा कंटाळा यायचा. आता कुणी मला त्या गर्दीतून तसं कंटाळवाणं फिरवायला नेलं, तर मी चप्पल न घालता जाईन.

सुधाकरकाकांचं औरंगपुऱ्यात लग्नपत्रिकांचं दुकान होतं. वधूवरांची नावं दादा काढून द्यायचे आणि त्याचे ठसे व्हायचे. गोड बोलणारा माणूस. आईला वहिनी म्हणायचे, मला 'काय कन्यारत्न' म्हणायचे. दादांचं अक्षर बघून ते हात जोडायचे. तेव्हा मला वाटायचं, किती मोठ्या मनाचा माणूस.

पत्रे गंजतात, हे दादांच्या मनाला लागलेलं होतं. म्हणून मी कॉलेजात असताना त्यांनी दोन हिवाळे बसून जाड-बारीकचा पुरा संच ड्रॉइंग पेपरवर काढला. एकेक अक्षर तळहाताएवढं. अ पासून ज्ञ पर्यंत, काने, वेलांट्या, जोडाक्षरं, आकडे. ळ त्यांना मनासारखा जमेना, तर त्यांनी अकरा ळ काढले आणि दहा फाडले. ते कागद आईच्या त्या ट्रंकेत लुगड्यांच्या घडीत ठेवलेले असत. बाहेर काढले की डांबरगोळ्यांचा वास यायचा. आमच्याकडे पाहुण्यांना अल्बम दाखवत नसत, ळ दाखवत.

एका दुपारी सुधाकरकाका आले. चहा झाला. संच त्यांनी एकेक कागद उलटत पाहिला आणि मग म्हणाले, "पेंटर, हे ट्रंकेत ठेवायचं काम नाही. आता सगळं कॉम्प्युटरवर चाललंय. पुण्याला माझी ओळख आहे, मी नेतो, चढवून आणतो. पहिल्या पानावर तुमचं नाव लागेल. माझा शब्द."

दादांनी आईकडे पाहिलं. आईनं कागद एका नव्या कोऱ्या टॉवेलमध्ये गुंडाळून दिले. मी दारापर्यंत पोचवायला गेले आणि त्यांच्या स्कूटरवर पायापाशी कागद नीट बसले की नाही ते बघितलं. ते मीच नीट बसवून दिले, हे विसरायचा मी पुष्कळ प्रयत्न केला आहे.

पुढचं पावसाळ्यात कळलं. शेजारच्या लग्नाची पत्रिका आली, चारी कोपऱ्यांना हळद लावलेली. दादांनी ती उघडली आणि खिडकीपाशी नेली. सगळी पत्रिका जाड-बारीकमध्ये होती. दादांनी काढलेली नव्हती. ते एकेका शब्दावरून बोट फिरवत राहिले. मग एवढंच म्हणाले, "दोन अक्षरांमधला वारा खाल्ला यानं." अंतर चुकलं, एवढीच तक्रार त्यांनी केली. मी विचारलं, नाव कुठं आहे? पत्रिकेच्या तळाशी नाव होतं. त्या अक्षराला सुधाकरकाकांनी स्वतःच्या मुलीचं नाव दिलं होतं, आणि खाली 'अक्षररचना' म्हणून स्वतःचं.

दादा भांडायला गेले नाहीत. मी जाते म्हटलं तर आईनं दाराला कडी घातली. "तोंडावर पडशील. कागद कुठं हाय आपल्यापाशी?" आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तसा तो माणूस त्या अक्षरात शिरून बसला आणि आम्ही बीळ खणणारे बाहेर. थोड्याच वर्षांत फ्लेक्स आले. दादा नंबरप्लेटा रंगवू लागले, मग शाळेच्या फळ्यावरचे सुविचार, मग काही नाही. ब्रश वाळून काडीसारखे झाले. जवसाचा वास घरातून कधी गेला ते माझ्या लक्षात आलं नाही, एक दिवस तो नव्हता.

दादा गेले तेव्हा तेराव्याचं कार्ड चुलतभावानं छापून आणलं. त्याला काय ठाऊक. कार्डावर 'कै. वामन' हे त्याच अक्षरात, चोरलेल्या. मी कार्डं फाडायला घेतली, तर आईनं माझा हात धरला. ती त्या नावावरून बोट फिरवत म्हणाली, "राहू दे. यांचंच अक्षर हाय." ती रडत होती आणि तिला ते आवडलंही होतं. त्या दिवशी मी मनात जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

मग ते अक्षर सगळीकडे दिसायला लागलं. बजाजनगरच्या कमानीवर, हर्सूलच्या मंगल कार्यालयावर, सोनाराच्या पिशवीवर, पुढाऱ्यांच्या वाढदिवसावर, श्रद्धांजलीवर. सुधाकरकाकांचे सत्कार होऊ लागले. 'अक्षरयोगी' म्हणून त्यांचा शालीतला फोटो पेपरात आला, तो मी कापून ठेवला. प्रेमानं नाही. पोटात राग असला की तो विझू नये म्हणून काहीतरी लागतं, चुलीला फुंकणी लागते तसं. लग्नाच्या पत्रिका आल्या की मी खालची अक्षररचनेची ओळ नखानं खरवडायची. बायका विचारत, हे काय गं? मी म्हणायची, सवय आहे.

मी वाळूजच्या रस्त्यावरच्या एका छापखान्यात प्रुफं वाचते. आयुष्यभर तेच केलं. मागच्या उन्हाळ्यात तो पत्रा भंगारात गेला आणि त्याच महिन्यात सुधाकरकाकांचा गौरवग्रंथ आमच्याकडे छपाईला आला. त्यांचं सहस्रचंद्रदर्शन होतं. फाइल त्यांचा मुलगा घेऊन आला. मी कोण हे त्याला माहीत होतं, कारण त्यानं माझ्या हातात निमंत्रण दिलं. पाकिटावर थरथरत्या अक्षरात लिहिलं होतं, 'आईंना अवश्य घेऊन यावे.'

"बाबांनी आवर्जून सांगितलंय," मुलगा म्हणाला. "वहिनींना आणाच म्हणाले. हट्टच धरलाय."

मला वाटलं, काय हा निगरगट्टपणा. ज्या बाईनं टॉवेलात गुंडाळून कागद दिले तिला आता टाळ्या वाजवायला बोलावतो. निमंत्रण मी पर्समध्ये टाकलं आणि आईला त्यातलं एक अक्षरही सांगितलं नाही.

"मजकूर आम्ही तपासलाय, मॅडम," मुलगा म्हणाला. "तुम्ही फक्त पानं लागलीत का बघा. बाबांचं मनोगत शेवटी आहे, चार पानं, ते त्यांनी स्वतःच तपासलंय. ती डाळिंबी रंगावर पांढरी ठेवलीत. रॉयल वाटतं. आणि सगळं बाबांच्याच अक्षरात."

मी पानं पाहिली. मनोगत बारीक अक्षरात होतं, गच्च, डाळिंबी पानावर पांढरं. छापताना पांढरं असं काही छापत नाहीत. अक्षराची जागा कोरी सोडतात आणि भोवती शाई देतात. जाड खांब कोरे राहतात. केसाएवढी रेघ मात्र दोन्ही बाजूंनी सरकणाऱ्या शाईत बुजून जाते. पडद्यावर सगळं सुरेख दिसत होतं. कागदावर काय होणार ते मला पहिल्या नजरेत कळलं.

मशीनवरच्या सलीमभाईंनाही कळलं. ते म्हणाले, "आपा, ये बारीक लाइन नहीं ठहरती. भर जाती. मोठं करा, नाय तर साधं अक्षर घ्या."

"गिऱ्हाइकानं असंच मागितलंय," मी म्हटलं.

"एक बार बोलके तो देखो उन्को."

"बोलले," मी खोटं सांगितलं.

त्या चार पानांतला एक शब्दही मी वाचला नाही. प्रुफं वाचणारी बाई मी, लोकांच्या कीटकनाशकाची माहितीपत्रकंसुद्धा शेवटपर्यंत वाचते. पण त्या माणसाचं मनोगत मला वाचायचं नव्हतं. मी फक्त अक्षरांचे आकार बघितले, ते मरणार याची खात्री करून घेतली, आणि 'छापण्यास हरकत नाही' या शिक्क्याखाली सही केली. त्या दिवशी घरी जाताना मी बऱ्याच वर्षांनी पाव किलो इमरती घेतली. आईनं विचारलं, कशाची? मी म्हटलं, सहज.

कार्यक्रम सकाळी होता. सभागृह भरलेलं. व्यासपीठावर सुधाकरकाका, वाळलेले, शालीत बुडालेले. सत्कार झाला, भाषणं झाली, आणि निवेदिका म्हणाली, आता सत्कारमूर्ती आपलं मनोगत ग्रंथातूनच वाचून दाखवणार आहेत, त्यांची तशी इच्छा आहे. ते उठले. मुलानं पान उघडून दिलं. त्यांनी चष्मा लावला, काढला, दुसरा लावला. पुस्तक जवळ नेलं, लांब नेलं. मुलानं मोबाइलचा उजेड पाडला. मागं कुणीतरी हसलं. ते माइकमध्ये पुटपुटले, "हे... हे दिसत का नाही?"

मी तिसऱ्या रांगेत बसले होते. आनंद झाला. खोटं कशाला बोलू, अंगभर आनंद झाला, ताप उतरताना घाम येतो तसा. ज्या अक्षरावर हा माणूस मोठा झाला त्याच अक्षरानं चारचौघांत त्याला आंधळा केला होता. दादांनी त्याला अक्षर दिलं होतं, अक्षराचे कायदे दिले नव्हते. त्यांनी सभागृहात नजर फिरवली, कुणाला तरी शोधल्यासारखी. ती माझ्यावर येऊन थांबली. मी डोळे खाली केले नाहीत. मग त्यांनी पुस्तक मिटलं आणि पाठ असलेलं बोलले, आईवडिलांचे आशीर्वाद, गुरुजनांचं ऋण, मायबाप ग्राहक. दोन मिनिटांत खाली बसले. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

ग्रंथाची प्रत प्रत्येकाला दिली होती. घरी येऊन मी ती आईपुढे उघडून ठेवली. तिला कुठल्या कार्यक्रमाची ते सांगितलं नाही, एवढंच म्हटलं, "बघ सुधाकरकाकांच्या पुस्तकाची काय दशा झाली. नुसते खांब उरलेत." मला तिला हसवायचं होतं. आई आता ऐंशीच्या पुढं आहे. तिनं भिंग घेतलं आणि पान डोळ्याशी धरलं. ती हसली नाही. बोट एकेका ओळीवरून सावकाश नेत राहिली. दुसऱ्या पानाच्या मध्यावर तिचं बोट थांबलं.

"हे यांचं नाव हाय," ती म्हणाली.

"काहीतरीच."

"वामन हाय हे. चार खांब. म चं पोट बघ की. ट्रंकेवर हाय तसंच."

मी भिंग घेतलं. चार पांढरे खांब, पुढे एक खांब आणि दोन ठिपके. आधी आणि नंतर काय होतं ते मला लागेना. पूर्वीचा सराव राहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी छापखान्यात जाऊन मी फाइल उघडायला लावली. सलीमभाई पाठीमागं उभे होते. पडद्यावर ते पान मोठं केलं आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या माणसानं लिहिलेलं मी नीट वाचलं.

'ही अक्षरं माझी नाहीत. छावणीचे वामन पेंटर यांनी ती काढली. त्यांनी ती विश्वासानं माझ्या हाती दिली आणि मी त्यांवर माझं नाव घातलं. इतकी वर्षं मला हे बोलायचं धैर्य झालं नाही. आज त्यांच्या पत्नीसमोर आणि मुलीसमोर, सर्वांच्या साक्षीनं, हे वाचून दाखवतो आहे.'

"बोल्या था ना मैं, आपा," सलीमभाई हळूच म्हणाले, "लाइन भर जाती." त्यांना वाटलं मी छपाईसाठी डोळे पुसते आहे.

तेवढं पान मी साध्या कागदावर काढून घेतलं. काळ्या शाईत, मोठ्या टाइपात. आई संध्याकाळची मेथी निवडत होती. मी तिच्यासमोर बसून वाचलं. ती म्हणाली, पुन्हा वाच. मी पुन्हा वाचलं. तिच्या हातातली काडी तशीच राहिली.

"मंग तिथं वाचलं का त्यानं? लोकांपुढं?"

"नाही."

"काहून?"

"त्याला दिसलं नाही. छपाईत रेघा बुजल्या."

"तुझ्या नजरंखालून गेलं नव्हतं का ते?"

"गेलं होतं," मी म्हटलं. "म्हणूनच बुजल्या."

आईनं माझ्याकडे पाहिलं. बोर्डातली खोट शोधताना बघायची तसं नाही, साधं, दमलेलं. मग तिनं माझ्या हातातला कागद घेतला, डोळ्यांजवळ नेला आणि शेवटची ओळ स्वतः वाचायला लागली. एकेक अक्षर लावत, अडखळत.

"पत्नीसमोर म्हंतो," ती म्हणाली. "मंजी मला बोलावलं व्हतं?"

"हो."

"आन् मी आले नाय, तर माझी जागा रिकामीच ऱ्हायली?"

माझ्या शेजारची खुर्ची तिच्या नावाची चिठ्ठी लावून राखलेली होती. कार्यक्रमभर मी तिच्यावर माझी पर्स ठेवली होती.